बोवेडाची ६२ टक्क्यांची पुडी: घरचा गांजा मुरवणाऱ्यांसाठी

बरणीतली आर्द्रता ६२ टक्क्यांवर राखणारी ही पुडी चांगली आहे, घ्याच. पण तिच्याआधी बरणीत मावेल असा छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या, आणि पुडी बरणीत टाकायची घाई करू नका. हे असं का, ते सविस्तर लिहिते. पुडीच्या वेष्टनावर एवढं लिहायला जागा नसते आणि दुकानातल्या मुलाला मागची रांग आवरायची असते.

मी कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या किचनरला राहते. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि ऑन्टॅरिओत घरटी चार झाडं लावता येतात. माणशी चार नव्हे, घरटी चार. घरात सहा मोठी माणसं असली तरी झाडं चारच. क्वेबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि ती बंदी सुप्रीम कोर्टानेही २०२३ मध्ये उचलून धरली. भाड्याच्या घरात किंवा कॉन्डोत राहत असाल तर करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. महाराष्ट्रातून हे वाचत असाल तर तुमच्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याप्रमाणे विनापरवाना झाड लावणं हाच मुळात गुन्हा आहे. तेव्हा खालचं सगळं जिथे परवानगी आहे तिथल्या माणसांसाठी.

झाडं माझी, वापर नवऱ्याचा. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याच्या पायातली नस रात्री ठणकते. डॉक्टरांना सगळं माहीत आहे. तो झोपायच्या आधी वेपोरायझरमधून, म्हणजे गांजा न जाळता गरम करून त्याची वाफ देणाऱ्या यंत्रातून, थोडंसं घेतो. मी स्वतः घेत नाही, पण मला बागकाम येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी इतकी वर्षं खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये काम केलंय. बिस्किट कुरकुरीत राहणार की सादळणार, मसाल्याला बुरशी धरणार की नाही, हे तिथे ज्या आकड्यावरून ठरवतात त्याच आकड्यावर ही पुडी चालते. म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते.

तो आकडा म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. पदार्थात एकूण पाणी किती हा एक प्रश्न, आणि त्यातलं मोकळं, बुरशीच्या उपयोगी पडेल असं पाणी किती हा दुसरा. खरा कामाचा दुसरा. घट्ट बंद बरणीत पदार्थ ठेवला आणि पुरेसा वेळ दिला की आतल्या हवेची आर्द्रता त्या मोकळ्या पाण्याशी जुळते. हवेत ६२ टक्के आर्द्रता स्थिरावली म्हणजे पदार्थाची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.६२. बहुतेक बुरश्यांना ०.७० च्या खाली वाढता येत नाही, काही चिवट जाती त्याहून थोड्या खालपर्यंत तग धरतात. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये सुकलेल्या गांजासाठी ०.५५ ते ०.६५ अशी मर्यादा ठरवली ती याच हिशेबाने. वरच्या बाजूला बुरशीची भीती, खालच्या बाजूला कळ्या इतक्या कोरड्या की हातात घेतल्या की चुरा होतो आणि वास उडून जातो.

बोवेडा ही अमेरिकेतल्या मिनेसोटाची कंपनी. १९९७ पासून या पुड्या करते. सुरुवात सिगारसाठी झाली, गिटार-व्हायोलिनच्या पेटीत ठेवायची ४९ टक्क्यांची पुडीही त्यांचीच. आत मिठाचं संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही असं, द्रावण असतं आणि बाहेरचा पापुद्रा फक्त वाफ आत-बाहेर जाऊ देतो, पाणी गळत नाही. संपृक्त द्रावणाची गंमत अशी की त्याच्यावरच्या हवेची आर्द्रता ठरलेली असते. मीठ कुठलं घेतलं त्यावर आकडा ठरतो. हवा कोरडी झाली की पुडी वाफ सोडते, दमट झाली की ओढून घेते. लॅबमध्ये आम्ही यंत्रं तपासायला अशीच द्रावणं वापरायचो, त्यामुळे पहिल्यांदा पुडी हातात घेतली तेव्हा मला ती ओळखीची वाटली. यात काही जादू नाही, पक्कं रसायनशास्त्र आहे, आणि ते पुडीत नीट बसवलेलं आहे.

आता लोक तिच्याकडून काय अपेक्षा करतात ते बघा. झाड कापतात, चार-पाच दिवस कुठेतरी टांगतात, बाहेरून कळी कोरडी लागली की बरणीत भरतात, वर पुडी टाकतात आणि झाकण लावून मोकळे होतात. हे चुकीचं आहे.

माझं माहेर सांगलीकडचं. हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत असेल, जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण ती आत जाण्याआधी वाळलेली असायची, हळकुंड मोडलं की खणखणीत आवाज येईल इतकी. ओली हळद भरली तर पेव तिला वाचवत नसे, उलट कुजवत असे. बरणी आणि पुडी म्हणजे पेव आहे. वाळवणं त्याच्या आधी उरकायचं असतं.

ऑन्टॅरिओत बाहेर लावलेली झाडं साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापायला येतात, आणि तेव्हाच इथली हवा सगळ्यात वाईट वागते. आठवडाभर रिमझिम, सकाळी धुकं, मग एकदम दव गोठतं. घरात फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, सुरू झालं की हवा उलट्या टोकाला जाते, आर्द्रता तीस-पस्तीसवर येते. ओल्या आठवड्यात बुरशी, फर्नेसच्या आठवड्यात करपल्यासारखी कोरडी कळी. म्हणून जागा निवडणं हेच अर्धं काम आहे. आमच्या बेसमेंटमध्ये लाँड्रीशेजारी एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे तापमान अठरा-एकोणीस राहतं. आर्द्रता ५५ ते ६० च्या मध्ये राहावी म्हणून हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर, आणि एक छोटा पंखा, तोंड भिंतीकडे. पंख्याचा वारा थेट कळ्यांवर कधीही सोडू नका. हवा हलती हवी, झोत नको. अंधार हवा, कारण उजेडाने आणि हवेने टीएचसी, म्हणजे गांजातलं मुख्य नशेचं द्रव्य, मोडतं आणि त्याचं हळूहळू सीबीएन हे दुसरं, सौम्य द्रव्य होतं. हळदीला ऊन लागतं म्हणून याला ऊन दाखवू नका.

फांद्या उलट्या टांगायच्या. मोठी पानं कापतानाच काढते, कळीलगतची बारीक पानं राहू देते. ती कळीभोवती मिटतात आणि वाळण्याचा वेग सांभाळतात. हवा फार दमट असेल तर मात्र सगळी पानं आधीच काढलेली बरी, कारण तेव्हा पाणी लवकर बाहेर काढणं महत्त्वाचं. दहा ते चौदा दिवस हा चांगला वेग. तीन-चार दिवसांत वाळलं तर बाहेरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं, शिवाय हिरवा गवती वास तसाच राहतो. ओळखीतल्या एका घरात घाई म्हणून फळं सुकवायच्या डीहायड्रेटरमध्ये कळ्या घातल्या होत्या. बाहेर काढल्या तेव्हा वास ताज्या कापलेल्या गवताचा होता, आणि महिनाभर बरणीत ठेवूनही तो गेला नाही. गांजाच्या वासातली मर्सीन, लिमोनीन अशी द्रव्यं हलकी असतात. उष्णतेने तीच आधी उडतात, आणि एकदा गेली की कुठलीही पुडी ती परत आणत नाही.

काडी मोडून बघा असं सगळे सांगतात. बारीक काडी वाकण्याऐवजी कट्टकन मोडली की झालं. ती खूण बरोबर आहे, पण काडी किती बारीक यावर उत्तर बदलतं. मला वजनावर जास्त विश्वास आहे. कापल्या कापल्या एक मध्यम फांदी किचनच्या काट्यावर तोलायची, तिला दोऱ्याची खूण बांधायची, आणि रोज तिलाच तोलायचं. ताज्या कळीत वजनाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पहिल्या दिवसांत वजन धाडकन उतरतं, मग उतार मंदावतो. फांदी मूळ वजनाच्या चौथ्या हिश्श्याजवळ आली आणि रोजचा फरक अगदी थोडा उरला की मी बरणीची तयारी करते. कागदावर आकडे लिहिलेले असले की आज करू का उद्या हा प्रश्न पडत नाही.

याच टप्प्यावर सगळ्यात जाड तुरे हाताने उलगडून बघा. करडी बुरशी, बोट्रायटिस, आतून सुरू होते. बाहेरून तुरा सुंदर दिसतो आणि मधोमध तपकिरी, भुसभुशीत, धूळ उडणारं. असा तुरा पूर्ण टाकायचा, आजूबाजूचेही तपासायचे. खराब भाग कापून बाकीचं ठेवू हा विचार भाजीसाठी ठीक असेल, फुप्फुसात जाणाऱ्या गोष्टीसाठी नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली आहे, केमो चालू आहे, त्यांना गांजावरच्या ॲस्परजिलस बुरशीमुळे फुप्फुसाचे गंभीर आजार झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. आजारी माणसासाठी करत असाल तर इथे अजिबात काटकसर करू नका.

मग बरण्या, म्हणजे मुरवणं. मी बर्नार्डिनच्या रुंद तोंडाच्या एक लिटरच्या काचेच्या बरण्या वापरते, लोणच्या-जॅमसाठी मिळतात त्याच. पाऊण भरायच्या, दाबायचं नाही. प्रत्येक बरणीत एक हायग्रोमीटर. आणि पुडी? नाही, अजून नाही.

हायग्रोमीटरबद्दल थोडं बोलायलाच हवं. ऑनलाइन मिळणारे गोल, छोटे, स्वस्त संच मी घेतलेत. त्यातल्या काहींचे आकडे एकमेकांपासून सात-आठ टक्के लांब होते. ५८ आणि ६६ यात किती फरक पडतो ते वर सांगितलंच. पण ते फेकून द्यायची गरज नाही, तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चिखल होईल इतपत पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत किंवा बरणीत बंद करा आणि रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस, एकाच तापमानाला ठेवा. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर आर्द्रता ७५ टक्के असते. तुमचा ७० दाखवत असेल तर त्यावर परमनंट मार्करने अधिक पाच लिहा. हे करायला खर्च शून्य. आणि हे केल्याशिवाय ६२ ची पुडी घेण्याला माझ्या मते काही अर्थ नाही, कारण मग ६२ आहे की नाही ते तुम्हाला कळणार कसं?

बरणी भरल्यावर पहिल्या दिवशी आकडा वर चढतो. देठातलं आणि कळीच्या गाभ्यातलं पाणी बाहेरच्या थरात येतं, बाहेरून कोरडी लागणारी कळी पुन्हा मऊ लागते. हे व्हायलाच हवं. आकडा ७० च्या वर गेला तर कळ्या बाहेर काढून कागदावर पसरा, काही तास, कधी रात्रभर, मग परत बरणीत. ६५ ते ७० मध्ये असेल तर झाकण अर्धा-पाऊण तास उघडं ठेवा. ६५ च्या खाली आला की दिवसातून एकदा-दोनदा दहा-पंधरा मिनिटं उघडायचं, आतली हवा बदलायची. दर वेळी नाक घाला. अमोनियासारखा, गोठ्यासारखा उग्र वास आला तर आत हवेविना जिवाणू कामाला लागलेत. ताबडतोब सगळं बाहेर. पहिले दोन आठवडे हे रोज, नंतर आठवड्यातून एक-दोनदा. गवती वास हळूहळू मागे पडतो आणि त्या जातीचा स्वतःचा वास पुढे येतो. आमच्याकडच्या एका झाडाचा लिंबाच्या सालीचा वास तिसऱ्या आठवड्यात येतो, त्याआधी शोधूनही सापडत नाही.

या दिवसांत पुडी बरणीत असली तर काय होतं? ती इमानदारीने पाणी ओढायला लागते. हायग्रोमीटर ६२-६३ दाखवतो, तुम्ही खूश होता, झाकण उघडत नाही. पण तो आकडा पुडीने खाली ओढलेला आहे. जाड कळीचा गाभा अजून त्या आकड्याला आलेलाच नसतो. पुडीची ओढायची ताकद संपली की आकडा पुन्हा वर जातो, आणि तोपर्यंत तुमचं लक्ष उडालेलं असतं. बरणीतून मिळणारी एकुलती एक खरी बातमी तुम्ही स्वतःच दाबून टाकलेली असते. यात पुडीचा काही दोष नाही. ती तिचं काम करते, आपण तिला चुकीच्या वेळी कामाला लावतो.

माझा नियम असा: पुडीशिवाय, झाकण न उघडता, पूर्ण दिवसभर आकडा ६० ते ६३ मध्ये थांबला, आणि असं दोन-तीनदा झालं, की मग पुडी. तिथून पुढे ती खरोखर उत्तम आहे. कॅनडाचा हिवाळा घरात वाळवंटासारखा कोरडा असतो. बरणी वरचेवर उघडली जाते, दर वेळी कोरडी हवा आत जाते, आणि पुडी नसेल तर फेब्रुवारीपर्यंत कळ्या पन्नासच्या खाली येऊन चुरा व्हायला लागतात. पुडी असलेल्या बरण्या मार्चमध्येही ६१-६२ दाखवतात. कळी बोटाने दाबली तर किंचित दबते, पुन्हा वर येते, ग्राइंडरमध्ये घातली तर पीठ न होता मोकळी सुटते. यासाठी पैसे द्यायला माझी काही हरकत नाही. मी दहाचं पाकीट घेते, त्यात ८ ग्रॅमची एक पुडी दोन डॉलरच्या आसपास पडते, आणि ती एका औंसाला, म्हणजे २८ ग्रॅमला, पुरते. बरणीत जास्त माल असेल तर दोन टाका. ६७ ग्रॅमची मोठी पुडी अर्ध्या किलोसाठी असते. चार झाडं वेगवेगळ्या बरण्यांत भरणाऱ्या घरी तिचा उपयोग नाही.

पुडी ५८ टक्क्यांची घ्यावी की ६२, यावर झाडं लावणाऱ्यांत वाद चालतच राहतात. साठवणीच्या बरण्यांत मी ६२ ठेवते. नवऱ्याच्या उशाशेजारच्या छोट्या बरणीत ५८, कारण त्याचं म्हणणं वेपोरायझरमध्ये किंचित कोरडी कळी चांगली चालते. दोन्ही आकडे ठरलेल्या मर्यादेत बसतात, तेव्हा आपापल्या वापराप्रमाणे घ्या, त्यावर रात्र जागवू नका. दुसरा वाद असा की पुडीमुळे वास बोथट होतो. मी एकाच झाडाच्या कळ्या दोन बरण्यांत ठेवून, एकीत पुडी आणि एकीत नाही, नवऱ्याला डोळे मिटून हुंगायला लावल्या आहेत. त्याला पुडीवालीच ताजी वाटली. ही काही लॅबची चाचणी नव्हे, नाक एकाच माणसाचं आहे. पण पुडी बरणीत उशिरा टाकली तर मुरण्याचं काम तोवर झालेलं असतं, हे मी ठामपणे सांगेन.

पुडी कधी बदलायची हे तिच्यावर दाबून कळतं. मऊ, गुळगुळीत असेल तोवर चालू. आत खडे लागायला लागले, कडक झाली, की संपली. दोन ते चार महिने जातात, बरणी किती वेळा उघडता त्यावर. मायक्रोवेव्हमध्ये वगैरे घालून तिला पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. बरण्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. थंडीने ट्रायकोम, म्हणजे कळीवरचे राळेचे बारीक केस, ठिसूळ होतात आणि हात लावताच गळतात. आणि कपाटाला कुलूप हवंच. घरात नातवंडं येतात, बरणी जॅमच्या बरणीसारखीच दिसते.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हळू आवाजात विचारणारे एक-दोन जण असतात, की थोडं देता येईल का. ऑन्टॅरिओत एकोणीस वर्षं पूर्ण झालेला माणूस दुसऱ्या एकोणीस पूर्ण झालेल्याला ३० ग्रॅमपर्यंत फुकट देऊ शकतो, विकू शकत नाही. सार्वजनिक जागी जवळ ठेवायची मर्यादाही तेवढीच. देशाबाहेर न्यायला मात्र कुठल्याच परिस्थितीत परवानगी नाही, डॉक्टरचा कागद असला तरी. सीमेपलीकडे अमेरिकेत बफेलोला शॉपिंगला जातानाही नाही, आणि पुण्याला जाताना तर विचारसुद्धा करू नका. बॅग भरायच्या आधी जॅकेटचे खिसे तपासा, ग्राइंडर घरी ठेवा.

खरेदीचं म्हणाल तर या क्रमाने करा: ऑगस्टमध्ये हायग्रोमीटर, म्हणजे मिठाची परीक्षा घ्यायला वेळ मिळतो. बरण्या सप्टेंबरच्या आत, कारण टोमॅटो आणि पीचच्या हंगामात रुंद तोंडाच्या बरण्या दुकानातून संपतात. पुड्यांचं पाकीट ऑक्टोबरअखेर घेतलं तरी चालतं, प्रत्येक पुडी वेगळी सीलबंद असलेलं बघून घ्या, आणि लागेल तेवढीच फोडा.